मोबाईलवरील शेतकरी गटाची किंमत कशी ठरवावी

शेतकऱ्यास बैलाची किंमत विचारली तर तो दांत, खूर आणि चाल पाहून सांगतो. विहिरीची विचारली तर झरा, खोली आणि बांधकाम यांवरून सांगतो. शेताची तर तो बांधावर न जातांही सांगूं शकतो. परंतु ज्या गटांत तो रोज सकाळीं मोबाईल उघडून डोकावतो, जेथें त्यास कळमन्याचा भाव, फळगळीवरील उपाय आणि शेजारच्या तालुक्यांतील पावसाची वार्ता मिळते, त्या गटाची किंमत किती असें विचारल्यास तो हंसून म्हणतो, "त्याची कसली किंमत? तो तर फुकट आहे." हें उत्तर बरोबर नाहीं, आणि तें बरोबर नसल्यामुळें शेतकऱ्याचें नुकसान होण्याचा संभव आहे. तें कसें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. गेल्या दहा-बारा वर्षांत संत्रा, कापूस, सोयाबीन, दूधधंदा अशा एकेका विषयावर मोबाईलवर गट जमले. ते जमविणारे बहुधा गांवचेच होतकरू शेतकरी असतात. गट मोठा झाला म्हणजे बियाणें, खतें व औषधें विकणारे आणि बागा घेणारे व्यापारी यांची नजर त्याकडे वळते. "गट आमच्या नांवें चालूं द्या, वर्षाला कांहीं रक्कम देतों," असें कोणी म्हटलें तर चालविणाऱ्यास तें वरकड उत्पन्नच वाटतें. अशा सौद्यांत घेणाऱ्यास किंमत ठाऊक असते, देणाऱ्यास नसते. आणि ज्यास आपल्या वस्तूची किंमत ठाऊक नाहीं तो ती पडत्या भावानें देतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून पेन्शन घेतली. आमची सारी नोकरी आकारणी, पैसेवारी आणि फेरफार यांत गेली. जमीन आणि माणसांचा गट या अगदीं भिन्न वस्तु आहेत, हें आम्ही जाणतों. तथापि किंमत ठरविण्याच्या रीति बऱ्याच अंशीं सारख्याच आहेत. म्हणून शेतकरी बंधूंस परिचित अशा जमिनीच्याच वाटेनें आम्ही हा विषय मांडतों. सोईसाठीं एक काल्पनिक गट धरूं: काटोल-नरखेड भागांतील संत्रा बागाईतदारांचा, ८०० सभासदांचा. पुढील हिशेबांतील या गटाचे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें आपापल्या गटाचे आंकडे त्या जागीं घालावे.

पहिली रीत: शेजारच्या खरेदीखतावरून

एखाद्या शेताची किंमत ठरवितांना आपण प्रथम शेजारचें शेत काय भावानें गेलें तें पाहतों. गटांचेंही तसें पाहतां येईल काय? जगांत मोबाईलवरील व आंतरजालावरील मोठमोठे समुदाय विकले गेले आहेत आणि त्यांचे भाव जाहीर आहेत. २०१२ सालीं फेसबुकनें इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरांस घेण्याचें जाहीर केलें. त्या वेळीं तेथें सुमारें ३ कोटी लोक होते. म्हणजे माणशीं ३३ डॉलर झाले. २०१४ सालीं त्याच कंपनीनें व्हाट्सॲप घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां किंमत १,९०० कोटी डॉलर आणि वापरणारे सुमारें ४५ कोटी होते. म्हणजे माणशीं सुमारें ४२ डॉलर, त्या वेळच्या भावानें अडीच हजार रुपयांच्या वर. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें लिंक्डइन हा नोकरी-धंद्यांतील लोकांचा समुदाय २,६२० कोटी डॉलरांस घेतला. सभासद ४३ कोटी ३० लाख होते, म्हणजे माणशीं ६० डॉलर पडले.

हे आंकडे वाचून कोणी म्हणेल, "आमचे ८०० सभासद, अडीच हजारांनीं गुणिले तर २० लाख रुपये झाले!" असा हिशेब करूं नये. सीताबर्डीवरील दुकानाच्या गाळ्याच्या भावानें बरड माळ विकतां येत नाहीं. शिवाय त्या खरेद्यांत केवळ माणसें नव्हतीं; यंत्रें, कारागीर आणि पुढील वाढीची आशा यांचीही किंमत त्यांत धरलेली होती.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची आहे. २००५ सालीं मायस्पेस नांवाचा समुदाय त्याच्या मालक कंपनीसह ५८ कोटी डॉलरांस घेतला गेला. २०११ सालीं तो अवघ्या साडेतीन कोटींच्या आसपास विकला गेला. टम्ब्लर हा समुदाय याहू कंपनीनें २०१३ सालीं ११० कोटी डॉलरांस घेतला. २०१९ सालीं तो पुन्हां विकला गेला तेव्हां किंमत ३० लाख डॉलरांहूनही कमी होती असें प्रसिद्ध झालें. ज्या वस्तूला सहा वर्षांपूर्वीं एक रुपया दिला तिचा एक पैसाही हातीं आला नाहीं. जमिनीचें असें होत नाहीं. कारण शेत जाग्यावर राहतें; माणूस राहत नाहीं. मालक बदलला म्हणून शेत उठून जात नाहीं. परंतु गटांतील माणसाला मालक आवडला नाहीं तर तो एका बोटानें गट सोडतो, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे गटांत राहून वाचणेंच सोडतो. सारांश, शेजारच्या खरेदीखतावरून एवढेंच कळतें कीं अशा गटांना बाजारांत किंमत असते आणि ती फार चंचल असते.

दुसरी रीत: मक्त्यावरून

जमिनीची किंमत ठरविण्याची दुसरी रीत उत्पन्नाची. शेत मक्त्यानें दिलें तर वर्षाला काय येतें तें पाहावें, त्यांतून सारा व दुरुस्ती वजा करावी आणि उरलेल्या रकमेची अमुक पट म्हणजे शेताची किंमत. शेंकडा ५ व्याज धरल्यास ही पट वीस होते.

मोठ्या कंपन्या आपल्या समुदायांचें उत्पन्न असेंच माणशीं मोजतात. फेसबुकच्या मालक कंपनीनें २०२३ सालच्या शेवटच्या तीन महिन्यांचे जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांत अमेरिका व कॅनडा येथील दर माणशीं ६८ डॉलर ४४ सेंट, तर आपला देश ज्यांत मोडतो त्या आशिया व पॅसिफिक भागांत दर माणशीं ५ डॉलर ५२ सेंट उत्पन्न दाखविलें आहे. तोच फेसबुक, तींच चित्रें, तेंच यंत्र. परंतु एका माणसाची किंमत दुसऱ्याच्या बारा पट! कारण उघड आहे. हें उत्पन्न जाहिरातींचें आहे, आणि जाहिरात देणारा माणसाच्या शहाणपणास पैसे देत नसून त्याच्या खरेदीच्या ऐपतीस देतो. संत्रा बागाईतदार वर्षाला खतें, औषधें, ठिबकचें सामान आणि खोकीं यांवर मोठी रक्कम खर्च करतो. म्हणून विक्रेत्याच्या दृष्टीनें त्याच्या गटाला, नुसत्या करमणुकीच्या तेवढ्याच मोठ्या गटाहून अधिक मक्ता येतो.

आतां आपल्या गटाचा हिशेब पाहूं. समजा, एक विक्रेता जाहिरातीबद्दल दरमहा १,५०० रुपये देण्यास तयार आहे. वर्षाचे १८,००० झाले. गट चालविणाऱ्याचा खर्च व श्रम यांचे ६,००० वजा जातां १२,००० राहिले. यास वीसनें गुणावें काय? मुळींच नाहीं. मायस्पेस व टम्ब्लर यांची गति आपण पाहिली. अशा गटाचें उत्पन्न तीन वर्षांहून अधिक खात्रीचें धरणें धाडसाचें आहे. तीननें गुणिलें असतां ३६,००० रुपये होतात. म्हणजे सभासदामागें ४५ रुपये. हा ४५ चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम पडणार आहे.

तिसरी रीत: नवा गट उभा करण्याच्या खर्चावरून

विहिरीची किंमत पुष्कळदां अशी ठरते कीं, तशीच विहीर नव्यानें खोदावयाची तर काय लागेल? गटाचेंही तसें पाहावें. एखाद्या विक्रेत्यास ८०० बागाईतदारांचा, एकमेकांवर भरंवसा असलेला गट नव्यानें जमवावयाचा आहे. त्यास चाळीस गांवें फिरावीं लागतील. प्रत्येक गांवीं एक सभा, चहापाणी व प्रवास मिळून १,००० रुपये धरले तर ४०,००० झाले. एक माणूस दरमहा १५,००० वर दोन वर्षें, म्हणजे आंबिया व मृग असे दोन्ही बहार दोनदां पाहून होईपर्यंत, ठेवावा लागेल. त्याचे ३,६०,००० झाले. एकूण ४ लाख. आणि एवढें करूनही लोक त्याच्यावर विश्वास ठेवतीलच असें नाहीं.

या दोन रीतींची तुलना करावी. मक्त्यावरून गटाची किंमत ३६,००० येते. घेणाऱ्याचा वांचणारा खर्च ४ लाख आहे. सौदा या दोन आंकड्यांच्या मध्यें कोठें तरी होतो. आणि ज्यास फक्त पहिला आंकडा ठाऊक आहे तो त्यापाशींच थांबतो.

प्रतवारीवांचून मोजणी व्यर्थ

येथवर आपण ८०० सभासद सारखे धरले. परंतु पटवाऱ्याच्या दप्तरांत शंभर एकर म्हणजे नुसते शंभर एकर नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यप्रांतांत जे बंदोबस्त झाले, त्यांत काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची प्रत लावून प्रत्येक प्रतीस कांहीं एककें ठरविलीं होतीं, आणि एकरांऐवजीं त्या एककांच्या बेरजेवरून गांवोगांवच्या जमिनींची तुलना होत असे. ही पद्धति गटांसही उत्तम लागू पडते.

आंतरजालाचे अभ्यासक याकोब नील्सन यांनीं २००६ सालीं असें नमूद केलें कीं, अशा समुदायांत साधारणतः शंभरांपैकीं नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकटा बहुतेक सर्व लेखन करतो. आपल्या गटास हें प्रमाण लावूं. शेंकडा एक म्हणजे ८ जण अनुभवी, विचारलेल्या प्रश्नास विचारपूर्वक उत्तर देणारे. ही आपली काळी. ७२ जण प्रश्न विचारणारे, छायाचित्र पाठविणारे, भाव कळविणारे, ही मोरंड. उरलेल्या ७२० पैकीं समजा ५०० जण नियमानें वाचतात, ही खरडी. बाकीचे २२० कधीं गट उघडतही नाहींत, ही बरडी. काळीस २०, मोरंडीस ६, खरडीस १ आणि बरडीस शून्य एककें दिलीं तर बेरीज १६०, ४३२ आणि ५०० मिळून १,०९२ येते.

आतां दुसरा गट घ्या: सभासद १,०००, परंतु जाणते फक्त २, विचारणारे १८, वाचणारे ३०० आणि निद्रिस्त ६८०. त्याचीं एककें ४०, १०८ व ३०० मिळून ४४८. म्हणजे माणसें अधिक असूनही किंमत निम्म्याहून कमी! म्हणून "आमच्या गटांत हजार माणसें आहेत" या बढाईस कांहीं अर्थ नाहीं. उत्तर देणारे किती आणि प्रश्नाला उत्तर किती वेळांत मिळतें, हें विचारावें.

संख्येविषयीं आणखी एक भ्रम सांगणें अवश्य आहे. रॉबर्ट मेटकाफ या अमेरिकन यंत्रज्ञाच्या नांवानें एक नियम सांगितला जातो कीं, जाळ्याची किंमत माणसांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणें वाढते. कारण प्रत्येक माणूस प्रत्येकाशीं बोलूं शकतो. १०० माणसांत ४,९५० जोड्या होतात आणि २०० माणसांत १९,९००. आपल्या ८०० जणांत तर ३,१९,६०० जोड्या होतील. परंतु २००६ सालीं ब्रिस्को, ऑडलिझको व टिली या तिघां अभ्यासकांनीं या नियमाची चूक दाखविली ती अशी कीं, सर्वच जोड्या सारख्या मोलाच्या नसतात. नरखेडच्या बागाईतदारास काटोलचा बागाईतदार उपयोगी. भंडाऱ्याच्या धानवाल्याशीं त्याचा संबंध क्वचित्. माणसें वाढलीं म्हणजे किंमत वाढते खरी, परंतु जोड्यांच्या वेगानें वाढत नाहीं. इतकेंच नव्हे, तर भलतींच माणसें भरल्यास शुभेच्छांच्या चित्रांखालीं कामाचा मजकूर बुडतो आणि काळी जमीन आपण होऊन निघून जाते.

चौथी रीत: सभासदांस होणाऱ्या लाभावरून

वरील रीतींनीं विकणाऱ्याची व घेणाऱ्याची किंमत निघते. परंतु गट ज्यांचा आहे त्या सभासदांना त्याची किंमत काय? हाच खरा प्रश्न होय, आणि येथें अतिशयोक्ति टाळली पाहिजे.

तीन दाखले पाहूं. केरळांतील कोळ्यांच्या हातीं १९९७ ते २००१ या काळांत मोबाईल आले. होडींतूनच बंदराचे भाव विचारून कोणत्या धक्क्यावर मासळी न्यावी हें ते ठरवूं लागले. रॉबर्ट जेन्सन यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कोळ्यांचा नफा सरासरी शेंकडा ८ वाढला व ग्राहकांस मासळी शेंकडा ४ स्वस्त मिळाली असें दिसून आलें. दुसरा दाखला शेजारच्या मध्यप्रदेशचा. तेथें आयटीसी कंपनीनें २००० सालापासून ई-चौपाल नांवाचीं भाव सांगणारीं केंद्रें खेड्यांत काढलीं. अपराजिता गोयल यांच्या २०१० सालच्या अभ्यासाप्रमाणें त्यामुळें मंडईंत सोयाबीनचा भाव शेंकडा १ ते ३ वाढला. म्हणजे क्विंटलला ४,००० भाव धरल्यास ४० ते १२० रुपये.

तिसरा दाखला आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि तो उलट सांगतो. २००७ सालीं रॉयटर्स कंपनीनें शेतकऱ्यांस मोबाईलवर भाव व हवामान कळविण्याची वर्गणीची सोय आपल्या राज्यांत सुरू केली. फाफशां व मिन्टन या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं शंभर गांवांत तिची परीक्षा केली. कांहीं शेतकऱ्यांस ती सोय फुकट दिली, कांहींस दिली नाहीं, आणि दोहोंची तुलना केली. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, शेतकऱ्यांस मिळालेल्या भावांत सरासरीनें लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं.

हा भेद कां पडला असावा? आमच्या मतें कारण असें कीं, भाव कळणें निराळें आणि तो भाव पदरांत पाडून घेण्याची ताकद असणें निराळें. कोळ्यास होडी दुसऱ्या बंदराकडे वळवितां येत होती. मध्यप्रदेशांत माहितीबरोबर कंपनी स्वतः दुसरा गिऱ्हाईक म्हणून उभी होती. परंतु ज्यानें बाग फळें झाडावर असतांनाच व्यापाऱ्यास देऊन बयाणा घेतला आहे, त्यास कळमन्याचा रोजचा भाव कळून काय उपयोग? म्हणून गटाची किंमत नुसत्या वार्तेवर नाहीं. वार्ता मिळाल्यावर सभासद एकत्र येऊन कांहीं करतात कीं नाहीं यावर आहे. दहा जणांनीं मिळून एक ट्रक भरला, प्रतवारी करून माल पाठविला, किंवा खत एकदम घेतलें, तर वार्तेचे पैसे होतात.

लाभ मोजण्याची व्यवहारी रीत अशी: सभासदांनीं वर्षभर एका वहींत, गटांतील सल्ल्यानें काय वांचलें किंवा काय अधिक मिळालें तें तारीखवार टिपावें. कोळशीची ओळख वेळेवर पटून फवारणी योग्य वेळीं झाली, डिंक्या आरंभींच कळून झाड वांचलें, गाडीभाडें वांटून घेतलें, इत्यादि. समजा ८०० पैकीं फक्त ८० जणांस असा लाभ दाखवितां आला आणि तो सरासरी १,५०० रुपये निघाला, तर वर्षाचे १,२०,००० झाले. त्यांतून चुकीच्या सल्ल्यानें झालेली हानि व्यर्थ गेलेल्या वेळासह २०,००० वजा करावी. उरले १ लाख. तीन वर्षांचे ३ लाख. ज्या गटाची मक्त्यावरून किंमत ३६,००० आली, त्याचीच सभासदांस किंमत ३ लाख आली.

वही कोणी ठेवली नसेल तर वार्षिक सभेंत चिठ्ठ्या वांटून एकच प्रश्न विचारावा: "हा गट तुम्हांस एक महिना बंद केला तर त्याबद्दल किती रुपये घेतल्यावर तुम्ही राजी व्हाल?" एरिक ब्रिन्यॉल्फसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत फेसबुकविषयीं असाच प्रश्न विचारून, कांहीं जणांस खरोखर पैसे देऊन, २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, २०१६ सालच्या त्यांच्या पाहणींत मधल्या माणसाचें उत्तर महिन्यास सुमारें ४८ डॉलर आलें. ज्या वस्तूस लोक एक पैसाही देत नाहींत ती सोडण्यास इतकी रक्कम मागतात, यावरून फुकट आणि बिनकिंमत हे शब्द एकाच अर्थाचे नाहींत हें सिद्ध होतें.

कांहीं लाभ तर रुपयांत मांडतांच येत नाहींत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कोणतें औषध कशांत मिसळूं नये, वारा कोणत्या बाजूचा असावा, तोंडाला काय बांधावें, एवढी एक सूचना वेळेवर मिळून एक जीव वांचला तर त्याची बेरीज कोणत्या रकान्यांत लिहावी?

विकल्यावर काय होतें

आतां तो ४५ रुपयांचा आंकडा आठवावा. समजा गट ३६,००० रुपयांस एका औषध विक्रेत्याच्या हातीं गेला. नांव तेंच, सभासद तेच, परंतु आतां पान पिवळें पडल्याचें छायाचित्र कोणी पाठविलें कीं उत्तर येतें, "आमचें अमुक औषध मारा." पूर्वीं तेथें एखादा जाणता म्हणाला असता, "औषध नको. बागेंत पाणी सांचलें आहे, चर काढा." एका अनावश्यक औषधाच्या एका बाटलीची किंमत ४५ रुपयांहून कितीतरी अधिक असते. म्हणजे वर्षांत प्रत्येकानें एकच बाटली व्यर्थ घेतली तरी विकून आलेल्या सर्व रकमेच्या अनेक पट पैसा सभासदांच्याच खिशांतून परत जातो. आणि ती ३६,००० ची रक्कम तरी त्यांस मिळालेली असते काय? ती बहुधा चालविणाऱ्यास मिळते.

पुढें जमीनही कसदार राहत नाहीं. गटाचा कस म्हणजे सभासदांचा एकमेकांवरील भरंवसा. सल्ल्यामागें विक्री आहे असें दोनदां-तीनदां कळलें कीं ते आठ जाणते लिहिणें थांबवितात. ते थांबले कीं बहात्तर विचारणारे विचारीनासे होतात; मग पांचशें वाचणाऱ्यांस वाचण्यासारखें राहत नाहीं. पिकावर पीक घेऊन खत न घातलेल्या शेताप्रमाणें तीन वर्षांत बरडी उरते. घेणाऱ्याचाही यांत लाभ नाहीं, हें टम्ब्लरच्या किंमतीवरून दिसलेंच आहे.

येथें हिशेबशास्त्रांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या देशाच्या हिशेबपद्धतीप्रमाणें संस्थेनें स्वतः घडविलेली पत किंवा ग्राहकांची यादी ताळेबंदांत मत्ता म्हणून दाखवितां येत नाहीं. परंतु तीच दुसऱ्यानें विकत घेतली कीं त्याच्या ताळेबंदांत ती किंमतीसह दाखल होऊं शकते. म्हणून संस्थेच्या दप्तरांत आपला गट शून्य दिसतो. दप्तरांत शून्य दिसणारी वस्तु सभेंत चर्चेशिवाय दिली जाते, हें आम्हीं दप्तरांत आयुष्य घालविलेले लोक खात्रीनें सांगूं शकतों.

काय करावें

प्रथम, गट कोणाचा हें लिहून ठेवावें. चालविणारा हा मालक नसून वहिवाटदार आहे, असा ठराव संस्थेच्या सभेंत करावा, आणि चालविण्याचा अधिकार एकाच्या हातीं न ठेवतां निदान तिघांच्या हातीं ठेवावा. चालविणाऱ्याचे श्रम फुकट घेऊं नयेत. वर्षाला सभासदामागें दहा-वीस रुपये वर्गणी काढून त्यास मानधन द्यावें. आपल्या गटांत वीस रुपयांप्रमाणें १६,००० जमतात; विक्रेत्याच्या १८,००० हून ही रक्कम फार कमी नाहीं. मग त्यास बाहेरच्या पैशाचा मोह पडण्याचें कारण उरत नाहीं.

दुसरें, जाहिरात सर्वस्वीं बंदच करावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती जाहिरात आहे असें वर स्पष्ट लिहून, ठराविक वारीं, ठराविक मोबदला घेऊन यावी. आणि तो मोबदला संस्थेच्या खात्यांत पावतीनें जमा व्हावा. मक्त्यानें शेत देणें आणि शेत विकणें यांतील अंतर शेतकऱ्यास सांगावयास नको.

तिसरें, सभासदांचे नंबर हे सभासदांचे आहेत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं संमत केला; ज्याची माहिती त्याची संमति घ्यावी आणि ज्या कामासाठीं घेतली त्याच कामीं ती वापरावी, हें त्याचें मुख्य तत्त्व आहे. कायद्याची वाट न पाहतांही, यादी कोणास देणें ती सभासदांस विचारूनच द्यावी, एवढी रीत गटानें पाळावी.

चौथें, उत्तम उत्तरें मोबाईलमध्येंच पडूं देऊं नयेत. तीं दरमहा निवडून वहींत उतरावीं व संस्थेंत ठेवावीं. मोबाईल हरवतो, गट मोडतो; वही उरते.

पांचवें, दर गुढीपाडव्यास, सालदाराचें साल ठरतें त्याच सुमारास, गटाची प्रतवारी करावी: काळी किती, मोरंड किती, खरडी किती, बरडी किती; आणि वर्षाच्या वहींतील लाभाची बेरीज सभेंत वाचावी. एककें मागील सालाहून घटलीं असतील तर सभासद वाढविण्याच्या मागें न लागतां, जाणते कां गप्प झाले तें प्रथम शोधावें.

तात्पर्य, गटाची किंमत एक नसून दोन आहेत. एक घेणाऱ्याची, जी आपल्या खरेदीच्या ऐपतीवरून ठरते. दुसरी आपली, जी आपल्या वांचलेल्या झाडांवरून, टळलेल्या फवारण्यांवरून आणि एकत्र भरलेल्या गाड्यांवरून ठरते. पहिली घेणारा आपण होऊन सांगेल. दुसरी आपणच काढावी लागते. आणि ती काढल्यावांचून कोणत्याही कागदावर सही करूं नये.